मदत हवी: मामांचा बोटींच्या लढाईचा जुना खेळ पुन्हा उभा करायचाय, पण अर्धं सामान गायब आहे

खाडीकाठ

नमस्कार मंडळी, धागा जरा मोठा आहे पण सवडीने वाचा आणि ज्याला जे ठाऊक आहे ते सांगा, मला खरंच गरज आहे.

गेल्या महिन्यात आजोळचं घर रिकामं केलं. माळ्यावर बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा निघाला, वरून सुतळीने बांधलेला. उघडला तर डांबरगोळ्यांचा वास, आणि जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेल्या तीन लाकडी लढाऊ बोटी. बघितल्या बघितल्या ओळखल्या. मोठे मामा गोदीत ड्राफ्ट्समन होते, ते आणि त्यांचे चार मित्र मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्या रिकाम्या वर्गात बाकं भिंतीला सारून हा खेळ मांडायचे. मी सात-आठ वर्षांची असेन. दारात बसून बघायची परवानगी होती, आत पाय टाकायची नव्हती, कारण फरशी म्हणजे समुद्र.

खेळ मामांच्या डोक्यातून आलेला नाही. फ्लेचर प्रॅट नावाचा अमेरिकन लेखक होता, त्याने न्यूयॉर्कला आपल्या घरी मित्रमंडळी जमवून सुरू केला, १९४० साली त्याचे नियम पुस्तक म्हणून छापले गेले. मामांना ते बोटीवर नोकरी करणाऱ्या एका मित्राकडून मिळाले, त्यांनी टाइप करून घेतले. यात फासे नाहीत, पट नाही. बोटी जमिनीवर मांडायच्या. तोफ डागायची म्हणजे आपल्या बोटीपाशी शत्रूच्या दिशेने पुठ्ठ्याचा बाण ठेवायचा आणि तो किती इंचांवर आहे ते नुसत्या नजरेने ओळखून चिठ्ठीवर लिहायचं. मग पंच टेप लावतो आणि आकडा येईल तिथे गोल्फची पांढरी टी (चेंडू ठेवायची खुंटी) उभी करतो, म्हणजे गोळा पडून पाणी उडालं. टी बोटीवर आली तर लागला, नाहीतर गेला पाण्यात. मला अजून तो टेप सुर्रकन ओढल्याचा आवाज आठवतो आणि सगळे श्वास धरून बसलेले.

आता सामानाचं सांगते. बोटी तीन आहेत, पोटाखाली मामांच्या अक्षरात नावं: ग्राफ स्पे, एक्सेटर, एजॅक्स. चौथी अकिलिस असणार, कारण फडकी चार आहेत आणि एक रिकामं आहे. बाण वीस असायचे त्यातले सात उरलेत. टी एकही नाही. टेप कापडी होता, त्याचे आकडे पुसलेत. नियमांची पानं १ ते ४ आणि ९, मधली गेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक बोटीचं एक कार्ड असतं, किती मार खाल्ला की वेग किती उतरतो आणि कुठल्या तोफा बंद पडतात ते त्यावर असतं, त्यातलं फक्त ग्राफ स्पेचं अर्धं कार्ड आहे. बाकी कसरीने खाल्लं.

मला हे शोकेसमध्ये ठेवायचं नाहीये. खेळायचं आहे, मामा खेळायचे तसं. कुठून सुरुवात करू?

आकडेमोड

ताई, कार्डांची काळजी सोडा, ती परत करता येतात! प्रॅटच्या खेळाची खुबीच ती आहे. बोटीची ताकद कोणी मनाने ठरवलेली नसते, एक सूत्र असतं आणि ते तुमच्या पहिल्या चार पानांत असायलाच पाहिजे. तोफेच्या नळीचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, तोफांच्या संख्येने गुणायचं. त्यात टॉर्पेडोच्या नळ्या, चिलखताची जाडी, विमानं वगैरेंचे गुण मिळवायचे, मग वेगाच्या हिशोबाने गुणाकार आणि शेवटी बोटीचं टनेज, म्हणजे वजन, मिळवायचं. म्हणजे मूळ बोटीची माहिती असली की कार्ड तयार. पान ३ चा फोटो टाका बरं.

खाडीकाठ

टाकला. पान ३ वरच आहे, समासात मामांनी पेन्सिलीने गुणाकारही केलेत!

आकडेमोड

वा, अक्षर काय सुरेख आहे मामांचं. आता या चार बोटी म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेत रिव्हर प्लेटच्या मुखाबाहेर जर्मनीची ग्राफ स्पे एकीकडे आणि एक्सेटर, एजॅक्स, अकिलिस या इंग्रजांच्या बाजूच्या तीन क्रूझर, म्हणजे मध्यम आकाराच्या लढाऊ बोटी, दुसरीकडे. जर्मन बोटीवर ११ इंची ६ तोफा आणि ५.९ इंची ८. एक्सेटरवर ८ इंची ६. बाकी दोघींवर ६ इंची प्रत्येकी ८.

नुसत्या तोफांचे गुण काढले, टनेज-चिलखत बाजूला ठेवून. ग्राफ स्पे: १२१ गुणिले ६ म्हणजे ७२६, अधिक ५.९ च्या साधारण २७८, एकूण १००४. समोर एक्सेटर ३८४, एजॅक्स २८८, अकिलिस २८८, बेरीज ९६०. म्हणजे एकटी बोट तिघींना भारी! मी पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा वाटलं आपलं चुकलं. पण मग लक्षात आलं की तिच्या त्या ५.९ च्या आठ तोफा चार या अंगाला, चार त्या अंगाला अशा होत्या, एका वेळी चारच कामाला येणार. मग होतात ८६५ विरुद्ध ९६०. आणि तिघींनी दोन बाजूंनी गाठलं तर तिला मोठ्या तोफा कोणावर रोखायच्या हे ठरवावं लागतं. तिच्या सहाच्या सहा मोठ्या तोफा दोनच टरेटमध्ये (तोफांच्या फिरत्या घुमटांत) होत्या, पुढे तीन मागे तीन. खरी लढाई तशीच झाली, तिने एक्सेटरला अक्षरशः मोडून काढलं आणि तोवर दोघी लहान बोटी बाजूने जवळ सरकल्या. हे सगळं एका वर्गाच्या सूत्रात दिसतं याचं मला गणिताचा मास्तर म्हणून फार अप्रूप आहे, दहावीच्या पोरांना मी हेच उदाहरण देणार आहे.

चारही कार्डं मी करून देतो, रविवारपर्यंत वेळ द्या.

तांडेल

पोरी, तुझी अकिलिस हरवली म्हणतेस, पण त्या बोटीवर मी तीन वर्षं काढली आहेत.

लढाईनंतर नऊ वर्षांनी, १९४८ मध्ये ती भारताने घेतली आणि तिचं नाव ठेवलं दिल्ली. आयएनएस दिल्ली, आपल्या नौदलातली पहिली क्रूझर. १९६१ ला गोवा मुक्तीच्या वेळी हीच बोट दीवच्या समोर उभी होती. मी तिच्यावर नोकरीला गेलो तेव्हा वय झालं होतं तिचं, कॅडेट पोरांच्या ट्रेनिंगला वापरायचे. १९७८ ला मुंबईतच निवृत्त झाली. १९५६ मध्ये इंग्रजांनी या लढाईवर सिनेमा काढला त्यात अकिलिसचं काम खुद्द दिल्लीनेच केलंय, आमच्यातले जुने लोक ते फार अभिमानाने सांगायचे.

खालच्या डेकवर पितळी पट्ट्या होत्या, त्या घासायचं काम नव्या पोरांकडे. मीही घासल्यात. तेव्हा माहीत नव्हतं की हिने कोणाशी झुंज घेतली होती, एका जुन्या चीफने रात्री सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

माझ्याकडे अल्बममध्ये तिचे सहा फोटो आहेत. नातू स्कॅन करून टाकेल. त्यावरून बोट करा.

खाडीकाठ

काका, वाचून डोळ्यांत पाणी आलं. मामांना हे नक्की माहीत असणार, गोदीतला माणूस! म्हणूनच त्यांनी हीच लढाई निवडली असेल का? विचारायला आता कोणी नाही. फोटो जरूर टाका.

सुतारपक्षी

बोट मी कापतो. सावंतवाडीत असतो, चितार आळीत पांगाऱ्याची लाकडी फळं, खेळणी करणारे आहेत, त्यांच्याकडून तुकडा आणतो. पांगारा हलका आणि मऊ, सुरीने सुद्धा वळण देता येतं, पण बारीक दांडे त्याचे टिकत नाहीत, डोलकाठ्यांना मी सायकलच्या स्पोकची तार वापरेन.

ताई, मला फक्त एजॅक्सची लांबी मोजून सांगा.

खाडीकाठ

२८ सेंमीला अगदी किंचित जास्त. रुंदी जेमतेम पावणेतीन.

सुतारपक्षी

मग माप जुळलं, एकास सहाशे. खरी बोट १६९ मीटर होती, भागिले ६०० केलं की २८. अकिलिस तिचीच जुळी, हल म्हणजे खालचा सांगाडा तोच, धुराडं एकच. तुमची ग्राफ स्पे ३१ सेंमी भरायला हवी, बघा मोजून.

खाडीकाठ

३१!! मामांनी ड्रॉइंगवरूनच केल्या असणार.

नवखा२२

मस्त धागा, वाखूण साठवली. मी पुण्यात दर शनिवारी बोर्डगेम खेळतो, आमच्या ग्रुपमधले चार-पाच जण यायला तयार आहेत. एक सुचवू का, टेपऐवजी लेझरवालं मोजायचं यंत्र मिळतं, दीड-दोन हजारात, बाण ठेवला की पटकन अंतर, वेळ वाचेल. आणि अंदाज लिहायच्या चिठ्ठ्यांऐवजी फोनवर साधा फॉर्म करून देतो.

खाडीकाठ

पंचाने मोजायला लेझर वापरायला हरकत नसावी असं आधी वाटलं, पण नको. ते यंत्र खोलीत आलं की कोणीतरी मोजून बघणारच, आणि या खेळात न मोजता ओळखणं हाच खेळ आहे. चिठ्ठी पण कागदाचीच ठेवू. मामांच्या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा डब्यात आहे, "एक्से. पुढची, १४०" खोडून "१३२" केलेलं आहे. हे खोडणं फोनवर राहत नाही रे. तुझ्या मित्रांना जरूर आण.

नवखा२२

पटलं ताई. मी टी आणतो, गोल्फच्या दुकानात शंभर टींचं पाकीट मिळतं.

तांडेल

फोटो टाकले. तीन नंबरचा बघा, मागून घेतलाय, टरेट छान दिसते.

सुतारपक्षी

दहा दिवस गप्प होतो कारण काम चालू होतं. अकिलिस तयार, फोटो खाली. पुढे दोन टरेट, मागे एक. रंग अजून ओला आहे.

वेलिंग्टनकर

सुतारपक्षी, काम बघून हात जोडले. पण एक मोठी गडबड आहे, आत्ताच सांगतो म्हणजे दुरुस्त होईल.

मी न्यूझीलंडला असतो, इथे अकिलिस म्हणजे घरची बोट, त्या लढाईत तिच्यावरचे निम्म्याहून जास्त लोक न्यूझीलंडचे होते. १९३९ ला तिच्यावर ४ टरेट होत्या, पुढे दोन आणि मागे दोन. जानेवारी १९४३ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या दोनपैकी वरच्या टरेटवर पडला. नंतर इंग्लंडमध्ये दुरुस्ती झाली तेव्हा ती टरेट काढूनच टाकली आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणजे भारताला मिळालेली बोट तीन टरेटची. तांडेलकाकांचे फोटो शंभर टक्के खरे आहेत, पण ते दिल्लीचे आहेत, अकिलिसचे नाहीत.

आणि हो, शेवटची टरेट अजून आहे. बोट मोडीत निघाली तेव्हा भारताने ती न्यूझीलंडला भेट दिली, ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळाच्या दाराशी ठेवली आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो, पोरगा नळीला हात लावून उभा राहिला आणि मी त्याला म्हणालो, ही मुंबईहून आली.

आकडेमोड

बाप रे, हा फरक मोठा आहे! तीन टरेट म्हणजे ६ तोफा, ३६ गुणिले ६, २१६. मी कार्डात २८८ धरलेत. ७२ गुण कमी झाले असते तर तिघींची बेरीज ८८८ वर येते, म्हणजे ग्राफ स्पेच्या ८६५ ला जेमतेम टेकते. वेलिंग्टनकर, धन्यवाद, तुम्ही अख्खी लढाई वाचवलीत.

तांडेल

बरोबर आहे हो. आम्ही त्या जागेला रिकामी जागा कधी म्हटलंच नाही, आमच्यासाठी बोट तशीच होती. आज कळलं की तिथे काहीतरी होतं. पन्नास वर्षांनी कळलं.

सुतारपक्षी

चूक माझी, एजॅक्सचा फोटो शेजारी ठेवून बघायला हवं होतं, तिच्यावर तर चार स्पष्ट आहेत. करतो.

खाडीकाठ

सगळ्यांना वृत्तांत देते, काल खेळलो.

आमच्या सोसायटीचा हॉल मिळाला, साधारण ३० बाय २० फूट. बोटी मांडल्या आणि पहिल्या दोन फेऱ्यांतच घोळ कळला. हॉलमध्ये दोन फुटी चौकोनी टाइल्स आहेत. नवखा२२ च्या मित्राने सरळ टाइल्स मोजल्या, सहा म्हणजे १४४ इंच, आणि तिन्ही गोळे बोटीवर. त्याचं काही चुकलं नाही, डोळ्यांसमोर फूटपट्टी आखलेली असल्यावर कोण अंदाज बांधेल. मामांच्या शाळेत शहाबादी फरशी होती, वेड्यावाकड्या तुकड्यांची, म्हणून तिथे जमायचं, हे आत्ता समजलं. खेळ थांबवला, कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याकडून निळं बिनरेघांचं कापड भाड्याने आणलं, कडांना चिकटपट्टी लावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कापड पसरल्यावर खोलीचा समुद्र झाला, खरंच. मुलं आपोआप चपला काढून भिंतीला लागून बसली.

टॉर्पेडो या वेळी घेतले नाहीत कारण ती पानंच नाहीत. खऱ्या लढाईतही दोन्हीकडून टॉर्पेडो सुटले आणि एकही लागला नाही, त्यामुळे फार बिघडलं नाही.

ग्राफ स्पे आकडेमोड सरांकडे, एक्सेटर नवखा२२ कडे, एजॅक्स माझ्याकडे. अकिलिस आमच्या शेजारच्या काकूंकडे. त्या घरी शिवणकाम करतात, चाळीस वर्षं गळ्यात टेप आहे, पाणी द्यायला आल्या होत्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या "ती पलीकडची बोट सत्त्याऐंशी इंचांवर असेल". मी मोजलं. अठ्ठ्याऐंशी. मग त्यांना सोडलंच नाही, बाण हातात दिला. प्रॅटच्या घरीही बायका खेळायच्या आणि चांगल्या खेळायच्या, हे मी वाचलं होतं, पण समोर बघण्यात वेगळंच आहे.

सरांनी एक्सेटरला चौथ्या फेरीतच धरलं. तिचं कार्ड निम्म्यावर आलं, पुढच्या दोन टरेट बंद, वेग उतरला. पण एक गोष्ट कळली ती लिहून ठेवते. नवखा२२ नाक समोर करून सरळ ग्राफ स्पेकडे येत होता, त्याला वाटलं अरुंद दिसेन तर लागणार नाही. उलटं आहे. आडवी बोट अंतराच्या रेषेवर फक्त सव्वा इंच असते, अंदाज इंचभर चुकला की टी पाण्यात. समोरून येणारी बोट त्याच रेषेवर अकरा इंच लांब असते, चार-पाच इंच चुकलं तरी लागतेच. दिशा तर बाणाने दिसतेच आहे, चूक होते ती अंतरात. काकूंना हे न सांगता कळलं होतं, त्या अकिलिस सतत आडवी ठेवून कडेकडेने सरकत राहिल्या.

नवव्या फेरीला ग्राफ स्पेचा वेग निम्मा झाला आणि सरांनी कार्ड खाली ठेवलं. खऱ्या बोटीने माँटेव्हिडिओ बंदर गाठलं होतं, आणि १७ डिसेंबरला बाहेर आणून तिच्याच माणसांनी ती बुडवली. आम्ही ती उचलून फडक्यात गुंडाळली.

तांडेलकाका अलिबागहून आले होते. खेळले नाहीत, पंच झाले. गुडघे दुखतात तरी प्रत्येक वेळी स्वतः वाकून टेप लावत होते आणि आकडा मोठ्याने म्हणत होते, हॉलभर ऐकू येईल असा. अकिलिसच्या पाळीला आवाज आणखी चढायचा.

नवखा२२

माझी एक्सेटर गेली पण असा खेळ मी आजवर खेळलो नाही. "सव्वाशे" लिहिलं आणि मग तो टेप माझ्याकडे येत होता ते काही सेकंद! पुढच्या वेळी पुण्यात करू, मोठा हॉल शोधतो. निळं कापड मी विकतच घेतोय.

वेलिंग्टनकर

इथे नियमांची नवी छापील आवृत्ती माझ्याकडे आहे. तुमची पानं ५ ते ८ त्याच्याशी ताडून टाइप करून पाठवतो. फक्त पान ९ चा नीट फोटो द्या, मामांनी तिथे मूळ नियमात काही बदल केलेले दिसतात, ते तसेच ठेवू या.

खाडीकाठ

देते आजच. हो, मामांनी धुरासाठी कापसाचे पुंजके वापरायचे असं लिहिलंय आणि खाली "पिंजलेला घ्यावा" असं अधोरेखित. तसाच घेऊ.

सुतारपक्षी

ताई, चौथी टरेट कुरिअर केली, मंगळवारी मिळेल. खेळाच्या दिवशी घाईत तात्पुरती पुठ्ठ्याची लावली होती ती फेकून द्या. एक विचार करून केलंय, ती चिकटवलेली नाही. खाली टाचणी बसवली आहे आणि डेकला भोक आहे. लावली की १९३९ ची अकिलिस, काढली की तांडेलकाकांची दिल्ली. आकडेमोड सर, दोन कार्डं लागतील.

आकडेमोड

दुसरं कार्ड झालंच समजा. २१६ वालं.

तांडेल

त्या कार्डावर नाव मराठीत लिहा. दिल्ली. मी शाई पाठवतो, घरी चांगली निळी आहे.

खाडीकाठ

मिळाली टरेट! टक्कन बसते. काढून ठेवायची झाली तर एक काड्यापेटी केली आहे, ती डब्यात डावीकडे, चौथ्या फडक्याखाली. पुण्याला डबा जाईल तेव्हा ज्याच्या हातात असेल त्याने आधी ती काड्यापेटी बघायची.